अर्धे वचन : लिटल रॉकची शाळा आणि एकोणतीस पाळक

अथेन्सच्या अरियपग या सभेपुढे उभे राहून प्रेषित पौलाने केलेल्या भाषणात एक वाक्य आहे. बायबलच्या नव्या करारातले प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय १७, वचन २६. देवाने एकाच रक्तापासून माणसांची सगळी राष्ट्रे निर्माण केली, हा त्याचा पहिला भाग. त्या राष्ट्रांचे काळ आणि त्यांच्या वस्तीच्या सीमा त्याने ठरवून दिल्या, हा दुसरा. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेत हे वाक्य मधोमध चिरले गेले. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांनी एका वर्गात बसावे असे मानणारे पहिला भाग वाचत, बसू नये असे मानणारे दुसरा. मधे जो स्वल्पविराम आहे, त्याच्या अलीकडे-पलीकडे अख्खी शहरे उभी होती.

शास्त्राचा अर्थ कोण लावतो, कोणासमोर लावतो आणि त्यासाठी काय मोजतो, हे मला आर्कन्सॉ राज्याच्या राजधानीतल्या, लिटल रॉकमधल्या १९५७ ते १९५९ या दोन वर्षांइतके स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलेले नाही. सैनिक, जमाव, राज्यपाल आणि न्यायालय यांची कथा अनेकदा सांगितली गेली आहे. तिच्यातले चर्च मात्र बहुतेक वेळा कोपऱ्यात उभे असते. या टिपणात ते मध्यभागी आहे.

शाळा

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात एकमताने निकाल दिला की वंशावरून वेगळ्या केलेल्या सरकारी शाळा घटनेला धरून नाहीत. वर्षभराने, ३१ मे १९५५ला, अंमलबजावणीबद्दलचा दुसरा निकाल आला. त्यात कोणतीही तारीख नव्हती, फक्त शक्य तितक्या विचारपूर्वक घाई करा असे सांगितले होते. त्या एका मोघम शब्दप्रयोगाने दक्षिणेतल्या प्रत्येक शाळा मंडळाला पळवाट मिळाली.

लिटल रॉक तेव्हा लाखभर वस्तीचे शहर होते आणि दक्षिणेच्या मानाने उदार समजले जायचे. सार्वजनिक ग्रंथालय आणि बसगाड्या गाजावाजा न होता सर्वांना खुल्या झाल्या होत्या. राज्याच्या विद्यापीठाने १९४८मध्येच एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला कायद्याच्या शाखेत घेतले होते. शाळा अधीक्षक व्हर्जिल ब्लॉसम यांनी जी योजना आखली ती जितकी कमी करता येईल तितके कमी करणारी होती. सुरुवात एका शाळेपासून, सेंट्रल हायस्कूलपासून, मग सावकाश खालच्या वर्गांकडे. कृष्णवर्णीय मुलांनी खेळ, नाटक, संगीत यांत भाग घ्यायचा नाही. इच्छुक मुलांना गाळता गाळता शेवटी नऊ उरली. सेंट्रलमध्ये गोरी मुले दोन हजारांच्या घरात होती.

योजनेतली एक गोष्ट पुढच्या सगळ्या गोष्टींच्या मुळाशी आहे. योजना सुरू झाली त्याच वर्षी, १९५७मध्ये, शहराच्या पश्चिमेला, सुखवस्तू गोऱ्यांच्या वस्तीत, हॉल हायस्कूल नावाची नवी शाळा सुरू झाली. तिथे एकही कृष्णवर्णीय मूल जाणार नव्हते. म्हणजे बदल सोसायचा तो सेंट्रलच्या परिसरातल्या कामगार आणि कारकून गोऱ्यांच्या मुलांनी. वकील, व्यापारी आणि मोठ्या चर्चचे आधारस्तंभ असलेले लोक राहत त्या भागाला झळ लागणार नव्हती. जमावात ओरडणाऱ्या माणसांचा द्वेष खरा होता आणि त्याला कोणतीही सबब नाही. पण योजना करणाऱ्यांनी आपली मुले बाजूला काढून ठेवली होती, हे त्या माणसांना दिसत होते, आणि त्यांना चिथावणाऱ्यांनी ते पुरेपूर वापरले.

चिथावणाऱ्यांमध्ये पुढे होते वेस्ली प्रूडन. ते बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे पाळक होते आणि वेगळ्या शाळांसाठी लढणाऱ्या कॅपिटल सिटिझन्स कौन्सिलचे अध्यक्षही. त्यांनी शाळा मंडळाला जाहीर प्रश्न विचारले. शाळेच्या नृत्यांत गोरी आणि काळी मुले एकत्र नाचणार का? नाटकातले प्रेमप्रसंग एकत्र करणार का? स्वच्छतागृहे एकच असणार का? गणित-भूगोलाबद्दल एकही प्रश्न नव्हता. भीती वर्गाची नव्हती, लग्नाची होती.

याच राज्यात दोन वर्षांपूर्वी वेगळेही घडले होते. हॉक्सी नावाच्या लहानशा गावाच्या शाळा मंडळाने १९५५च्या उन्हाळ्यात स्वतःहून शाळा एकत्र केल्या. कारणे तीन दिली: कायदा आहे, पैसे वाचतात, आणि देवाच्या दृष्टीने हे योग्य आहे. शेतकरी-व्यापारी मंडळींच्या त्या बोर्डात कोणी धर्मशास्त्राचा पंडित नव्हता. बाहेरून येऊन लोकांनी त्यांना धमकावले, तरी ते मागे हटले नाहीत.

४ सप्टेंबर

शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री, २ सप्टेंबर १९५७ला, राज्यपाल ऑरवल फॉबस यांनी आर्कन्सॉ नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव सैन्याचे जवान सेंट्रलभोवती उभे केले. कारण दिले शांततेचे, पण जवान अडवत होते ते फक्त नऊ मुलांना.

३ तारखेच्या रात्री डेझी बेट्स यांनी डनबर ऑग्डन यांना फोन केला. बेट्स कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या राज्य अध्यक्ष होत्या. ऑग्डन प्रेस्बिटेरियन या प्रॉटेस्टंट पंथाचे गोरे पाळक होते आणि शहरातल्या पाळकांच्या संघाचे अध्यक्ष. सकाळी काही पाळक मुलांबरोबर चालतील का, एवढीच विनंती होती. ऑग्डन यांनी ओळखीच्या पाळकांना विचारून पाहिले, पण होकार जवळजवळ मिळालेच नाहीत. ते स्वतःही सकाळी आले तेव्हा चालायचे की नाही हे ठरलेले नव्हते. कोपऱ्यावर मुले उभी होती. तिथे त्यांचे ठरले. त्यांचा तरुण मुलगा डेव्हिड, राष्ट्रीय चर्च परिषदेचे विल कॅम्पबेल आणि झेड. झेड. ड्रायव्हर व हॅरी बास हे दोन कृष्णवर्णीय पाळक असे मुलांबरोबर निघाले. गार्डच्या अधिकाऱ्याने त्यांना परत पाठवले.

पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड त्यांच्यात नव्हती. तिच्या घरी फोन नव्हता, त्यामुळे एकत्र जायचे ठरल्याचे तिला कळलेच नाही. ती एकटी बसमधून उतरली, एकटी जवानांच्या रांगेपर्यंत गेली, तिथून वळवली गेली आणि मागे ओरडत येणाऱ्या गर्दीतून चालत बसथांब्याच्या बाकापर्यंत पोहोचली. त्या चालण्याचे छायाचित्र जगाने पाहिले.

पुढचे थोडक्यात. न्यायालयाच्या आदेशानंतर फॉबस यांनी जवान काढून घेतले. २३ सप्टेंबरला मुले बाजूच्या दाराने आत गेली आणि जमाव आवरेना म्हणून दुपारच्या सुमारास त्यांना बाहेर काढावे लागले. २४ तारखेला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १०१व्या एअरबोर्न तुकडीचे हजारावर सैनिक पाठवले. २५ तारखेला नऊही मुले त्यांच्या पहाऱ्यात पुढच्या दाराने आत गेली.

वचने

आता शास्त्राकडे. वेगळेपणाच्या बाजूने जो शास्त्राधार मांडला जात होता, त्याचा सर्वांत सभ्य आणि म्हणून सर्वांत प्रभावी नमुना मिसिसिपीतला आहे. जी. टी. गिलेस्पी हे तिथल्या बेलहेवन कॉलेजचे निवृत्त अध्यक्ष. नोव्हेंबर १९५४मध्ये त्यांनी प्रेस्बिटेरियन सिनॉडपुढे, म्हणजे चर्चच्या प्रांतिक सभेपुढे, भाषण केले आणि सिटिझन्स कौन्सिलने ते पुस्तिका म्हणून दक्षिणभर वाटले. गिलेस्पी सुरुवातीलाच कबूल करतात की गोरे आणि काळे यांना वेगळे ठेवा अशी किंवा ठेवू नका अशी स्पष्ट आज्ञा पवित्र शास्त्रात नाही. मग ते अनुमानांची माळ ओवतात. नोहाच्या मुलांचे वंश वेगवेगळ्या दिशांना गेले. बाबेलच्या बुरुजापाशी देवाने भाषांचा गोंधळ करून माणसे पांगवली. अब्राहामाला आपल्या लोकांतून वेगळे काढले. मोशेच्या नियमांत परराष्ट्रीयांशी लग्न करायला बंदी आहे. एज्राने परक्या बायका सोडायला लावल्या. म्हणजे, त्यांच्या मते, वेगळे ठेवणे ही देवाची जुनी रीत.

हे वाचन खोडून काढणे कठीण नव्हते, आणि ते खोडून काढलेही गेले. व्हँडरबिल्ट विद्यापीठातले एव्हरेट टिल्सन यांनी १९५८मध्ये आणि टेक्सासमधले बॅप्टिस्ट नीतिशास्त्रज्ञ टी. बी. मॅस्टन यांनी १९५९मध्ये या प्रश्नावर पुस्तके लिहिली. जुन्या करारातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात शाप मिळतो तो नोहाचा नातू कनान याला. कृष्णवर्णीयांचा पूर्वज म्हणून सांगितला जाणारा नोहाचा मुलगा हाम, त्याच्या नावाने शाप नाहीच, आणि कातडीचा रंग त्या अध्यायात कुठेही नाही. जुन्या करारातल्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात परक्यांशी सोयरीक करू नका असे आहे, पण पुढच्याच वचनात कारण आहे: ते तुझ्या मुलाला दुसऱ्या देवांकडे वळवतील. तिथे प्रश्न उपासनेचा आहे. मवाब या परक्या देशातली रूथ इस्राएलात सून म्हणून आली आणि दावीद राजाची पणजी झाली. मोशेची बायको कूशी होती, म्हणजे नाईलच्या वरच्या देशातली. तिच्यावरून मोशेची बहीण मिर्याम हिने कुरबूर केली तेव्हा, गणनाच्या बाराव्या अध्यायात, कोड मिर्यामच्या अंगावर उठले. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता आणि यरुशलेमहून माणसे आल्यावर पंगतीतून उठून बाजूला झाला. त्याबद्दल पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर खडसावले. एका ताटाचा हा प्रश्न गलतीकरांस पत्रात इतका उघडपणे आला आहे, की पंक्तिभेद पाहिलेल्या कोणालाही तो समजावून सांगावा लागणार नाही.

सुरुवातीच्या, प्रेषितांच्या कृत्यांतल्या त्या वचनाचीही एक बाजू आहे. १६११च्या इंग्रजी भाषांतरात 'एका रक्तापासून' असे आहे. जुन्या ग्रीक हस्तलिखितांपैकी काहींत रक्त हा शब्द आहे, काहींत नाही, आणि १९५२च्या सुधारित इंग्रजी भाषांतराने तो वगळून 'एकापासून' एवढेच ठेवले. अर्थ बदलत नाही. पण कृष्णवर्णीय चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या तोंडी रुळले होते ते 'एका रक्तापासून' हेच. ज्यांचे रक्त कायद्याने वेगळे मोजले जात होते, त्यांच्या कानांना त्या शब्दाचे वजन निराळे होते.

दक्षिणेतला साधा गोरा ख्रिस्ती माणूस शास्त्राची मोडतोड करत होता असे म्हणून सुटता येत नाही. अमेरिकी धर्मेतिहासाचे अभ्यासक मार्क नोल यांनी यादवी युद्धाच्या काळाबद्दल दाखवले आहे की जे लिहिले आहे ते सरळ वाचा, कोणत्याही शहाण्या माणसाला ते कळते, हीच तिथली वाचनाची पद्धत होती. त्या पद्धतीने गुलामगिरीचे समर्थन करणारी वचने सहज सापडत आणि विरोध करणाऱ्याला अख्ख्या शास्त्राचा ओघ सांगत बसावे लागे. वेगळ्या शाळांच्या बाबतीत गंमत उलटी होती. सरळ वाचायला गेले तर वचन सापडत नव्हते, म्हणूनच गिलेस्पींना अनुमाने काढावी लागली. माझ्या मते यातच त्या बाजूचा कमकुवतपणा उघडा पडतो. आणि तरीही मंडळ्यांमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या सभासदांमध्ये, त्याच बाजूचा जोर राहिला. का?

एकोणतीस जण

या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर दोन समाजशास्त्रज्ञांनी दिले आहे. अर्नेस्ट कॅम्पबेल आणि थॉमस पेटिग्रू १९५७च्याच शरद ऋतूत लिटल रॉकला गेले आणि त्यांनी मोठ्या पंथांच्या २९ गोऱ्या पाळकांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. निष्कर्ष १९५९मध्ये लेख आणि पुस्तक या दोन्ही रूपांत आले.

२९पैकी वेगळेपणाचे समर्थक होते फक्त ५. उरलेले २४ शाळा एकत्र व्हाव्यात याच मताचे होते. त्यांतले ८ उघडपणे बोलले किंवा वागले. १६ जण मनाने त्या बाजूचे, पण गप्प.

या सोळांसाठीच हा सगळा अभ्यास वाचावा असे मी म्हणेन. त्यांच्या वरच्या संस्थांनी भूमिका घेतली नव्हती असे नाही. ब्राउन निकालानंतर काही आठवड्यांतच दक्षिणी प्रेस्बिटेरियनांच्या महासभेने सक्तीचे वेगळेपण ख्रिस्ती शिकवणुकीशी विसंगत ठरवले होते, आणि सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या दक्षिणेतल्या बॅप्टिस्टांच्या संघटनेने निकाल न्याय आणि प्रेम या ख्रिस्ती तत्त्वांना धरून आहे असा ठराव केला होता. पाळकांचे स्वतःचे मत तेच, पंथाचे मत तेच. मग अडले कुठे?

कॅम्पबेल आणि पेटिग्रू म्हणतात, पाळक तीन ठिकाणांहून स्वतःला जोखतो. एक त्याचे अंतःकरण, दुसरा त्याचा पंथ आणि व्यवसायबंधू, तिसरी समोर बसलेली मंडळी. पहिली दोन बोल म्हणत होती, तिसरी गप्प बस म्हणत होती. तिसरीकडे प्रत्यक्ष हत्यार होते: वर्गणी, हजेरी, बांधकाम निधी, बदली. पंथाने ठराव कागदावर केला, पण पाळकाचे यश मोजायची पंथाची मापे मंडळीच्याच वाढीची होती. किती सभासद वाढले, किती पैसा जमला, नवी इमारत कितपत आली. ठराव न मानणाऱ्याला कोणी जाब विचारत नव्हते आणि मंडळी फुटली तर मात्र विचारत होते.

आणि मग व्याख्येचे कौशल्य कामाला येते. गप्प राहणाऱ्यांनी अगदीच तोंड मिटले नव्हते. ते बोलत, पण असे की कोणाला टोचू नये. कोणी आधी आपण अस्सल दक्षिणी आहोत, आजोबा-पणजोबा इथलेच, याची ग्वाही देऊन मग एखादे सौम्य वाक्य टाकी. कोणी स्वतःचे न सांगता महासभेचा ठराव फक्त वाचून दाखवी. कोणी म्हणे, प्रश्न शाळेचा नाहीच, खोलवरचा आहे, सगळे देवापुढे पापी आहोत, प्रेम हवे, कायद्याचा मान राखायला हवा. प्रत्येक वाक्याला वचनाचा आधार होता आणि एकही वाक्य खोटे नव्हते. फक्त त्यांतून सेंट्रल हायस्कूलच्या दारात उभ्या असलेल्या मुलीबद्दल काहीही कळत नव्हते.

मला वाटते, शास्त्राच्या व्याख्येचा सर्वांत मोठा गैरवापर लिटल रॉकमध्ये इथे झाला. प्रूडन यांचे वाचन चुकीचे होते आणि ते उघडपणे खोडता येत होते. या सोळांचे वाचन बरोबर होते आणि म्हणूनच ते खोडायला कोणी उठले नाही.

जे आठ बोलले ते बहुतेक तरुण, लहान मंडळ्यांचे पाळक होते. शहरावर ज्यांच्या शब्दाचा परिणाम झाला असता ते मोठ्या चर्चचे वजनदार पाळक सांभाळून राहिले. १२ ऑक्टोबरला एपिस्कोपल बिशप रॉबर्ट ब्राउन यांच्या पुढाकाराने शहरभर प्रार्थनादिन पाळला गेला, चर्चमध्ये आणि यहुदी सभास्थानांतही. शाळेच्या बाजूने किंवा विरोधात कोणीही न बोलता सलोख्यासाठी प्रार्थना करायची होती. वेगळेपणाच्या समर्थकांनी आदल्या संध्याकाळीच एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये आपली निराळी प्रार्थनासभा घेतली, आणि तिथे काय मागायचे याबद्दल कोणाच्या मनात संदिग्धता नव्हती.

अभ्यासकांचे मतभेद

दक्षिणेतल्या गोऱ्या चर्चने वेगळेपणाला बळ दिले की नाही, यावर इतिहासकार अजून भांडतात. डेव्हिड चॅपेल यांचे २००४मधले म्हणणे असे की वेगळेपणाच्या चळवळीला धर्माचे खरे पाठबळ कधी मिळालेच नाही. मोठ्या पंथांनी ठराव उलटे केले, नावाजलेले धर्मशास्त्रज्ञ तिकडे फिरकले नाहीत, आणि कृष्णवर्णीय चळवळीला मात्र संदेष्ट्यांच्या धर्माचे इंधन होते. म्हणून एक बाजू जिंकली. जेन डेली त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या लेखात म्हणाल्या की ठराव पाहू नका, पत्रे पाहा, प्रवचने पाहा, साधी माणसे काय मानत होती ते पाहा. त्यांच्यासाठी वंशांची सरमिसळ हे पाप होते, आणि त्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी लैंगिक भीती होती.

मला हा वाद निम्मा साधनांचा वाटतो. सभागृहात बसून इतिवृत्त वाचले तर चॅपेल दिसतात, मागच्या बाकावर बसून कुजबुज ऐकली तर डेली. लिटल रॉकच्या बाबतीत एलिझाबेथ जॅकोवे यांनी मागच्या बाकाचे दप्तर उघडले. त्या अधीक्षक ब्लॉसम यांच्या भाचीच. २००७मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाचे नावच अनुवादाच्या सातव्या अध्यायातल्या 'तुझ्या मुलाला वळवतील' या शब्दांवरून घेतलेले आहे. प्रूडन यांच्या नाचाच्या आणि प्रेमप्रसंगांच्या प्रश्नांचा धागा तिथे लागतो. हीच भीती १९६५ला व्हर्जिनियातल्या एका न्यायाधीशाने आंतरवंशीय विवाहाच्या खटल्यातल्या निकालपत्रात घातली: सर्वशक्तिमान देवाने वंश वेगवेगळ्या खंडांत ठेवले, म्हणजे त्यांनी मिसळावे असा त्याचा हेतू नव्हता. वचनाचा दुसरा अर्धा भाग, आणि त्याखाली न्यायालयाचा शिक्का. सर्वोच्च न्यायालयाने तो १९६७मध्ये पुसला.

या पार्श्वभूमीवर राजकीय विचारवंत हाना आरेन्ट यांचा लिटल रॉकबद्दलचा १९५९चा वादग्रस्त निबंध पुन्हा वाचला तर वेगळा वाटतो. मोठ्यांची लढाई मुलांच्या खांद्यावर का देता, असा त्यांचा प्रश्न होता. शाळेपेक्षा आंतरवंशीय विवाहाला बंदी करणारे कायदे अधिक मूलभूत अन्याय आहेत, असेही त्या म्हणाल्या. दुसऱ्या मुद्द्यात त्यांनी नेमकी नस पकडली होती, जरी लोक तेव्हा त्याच मुद्द्यावर चिडले. पहिल्यात त्या चुकल्या. कृष्णवर्णीय कादंबरीकार राल्फ एलिसन यांनी दाखवून दिले की या आईबापांना काय माहीत असते ते आरेन्ट यांना माहीत नाही: कृष्णवर्णीय मुलाला दहशतीतून तोल न जाऊ देता चालायला शिकावेच लागते, आणि पालक डोळे उघडे ठेवून ते शिकवतात. १९६५मध्ये आरेन्ट यांनी एलिसन यांना पत्र लिहून हे आपल्याला कळले नव्हते असे मान्य केले. विदुषीने जाहीर चूक पत्रातून कबूल करावी, हे मला फार मोलाचे वाटते.

सोळा पाळकांबद्दल वाचताना मराठी वाचकाला १९३६चा बाबासाहेबांचा युक्तिवाद आठवल्यावाचून राहणार नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण मंडळाने होऊ न दिलेल्या भाषणात त्यांनी म्हटले की शास्त्रे व्याकरणाने किंवा तर्काने वाचली तर त्यांचा अर्थ तसा होत नाही, हे लोकांना सांगून उपयोग नाही. लोकांनी ती कशी समजून घेतली आहेत, ते महत्त्वाचे. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये उत्तर देताना शास्त्राचा खरा अर्थ संतांच्या आचरणातून घ्यावा असे सुचवले. बाबासाहेबांना ते पटले नाही. सामान्य माणसाला अस्सल कोणते आणि प्रक्षिप्त कोणते हे ठाऊक नसते, तो सांगितले तसे मानतो, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा प्रश्न त्यांना परका नव्हता. १९४६मध्ये त्यांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बोईस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य बोलून दाखवले होते आणि संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती.

लिटल रॉक बाबासाहेबांचे पहिले वाक्य खरे ठरवते. टिल्सन आणि मॅस्टन यांची पुस्तके बरोबर होती आणि मंडळ्यांवर त्यांचा परिणाम झाला नाही. पण निष्कर्ष तिथे वेगळा निघाला. बाबासाहेबांनी शास्त्राचे प्रामाण्यच नाकारायला सांगितले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मंडळ्यांनी तोच ग्रंथ हातातून सोडला नाही, कारण त्यात मिसरच्या गुलामांना सोडवणारा देव होता आणि तो त्यांनी गोऱ्या पाळकांना विचारून शोधलेला नव्हता. ज्या ग्रंथात आपल्याला बाहेर ठेवणे हीच आज्ञा आहे, त्याच्याशी करायचा व्यवहार आणि ज्या ग्रंथाचा अर्धा भाग आपल्यापासून लपवला गेला आहे, त्याच्याशी करायचा व्यवहार एक असू शकत नाही. दोन्ही निष्कर्ष मला आपापल्या जागी खरे वाटतात.

हरवलेले वर्ष

२७ मे १९५८ला नऊ जणांतला अर्नेस्ट ग्रीन सेंट्रलमधून उत्तीर्ण झाला. समारंभाला मार्टिन ल्यूथर किंग हजर होते. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणी पुढे ढकलायला नकार दिला तेव्हा फॉबस यांनी शहरातली चारही हायस्कुले बंद केली. २७ सप्टेंबरच्या मतदानात शाळा एकत्र करण्याच्या विरोधात १९,४७० मते पडली, बाजूने ७,५६१. ३,६६५ मुलांची शाळा गेली. फुटबॉलचे सामने मात्र चालू राहिले.

गोऱ्या मुलांसाठी खासगी वर्ग निघाले, त्यांतले काही चर्चच्या इमारतींत. सेकंड बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात बॅप्टिस्ट हायस्कूल उघडले. तिथले पाळक डेल काउलिंग हे मध्यममार्गी म्हणून ओळखले जात, आणि खासदार ब्रुक्स हेज त्याच चर्चचे. हेज तेव्हा संपूर्ण सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनचे अध्यक्ष होते आणि फॉबस-आयझेनहॉवर भेट घडवून आणण्यासाठी त्यांनी धडपड केली होती. नोव्हेंबर १९५८मध्ये शाळा मंडळाचे सदस्य डेल अल्फर्ड यांनी त्यांना हरवले. अल्फर्ड यांचे नाव मतपत्रिकेवर छापलेलेही नव्हते, लोकांनी ते हाताने लिहिले किंवा चिकटवले. बॅप्टिस्टांच्या सर्वोच्च पदाधिकाऱ्याला बॅप्टिस्टांनी भरलेल्या मतदारसंघाने घरी बसवले.

शाळा पुन्हा उघडल्या त्या स्त्रियांमुळे. अ‍ॅडॉल्फिन फ्लेचर टेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सप्टेंबर १९५८मध्ये समिती काढली आणि घरोघर एकच मागणी नेली: शाळा उघडा. वचने त्यांनी वापरली नाहीत, एकत्रीकरणाचा शब्दही टाळला. त्या टाळण्याची किंमत कृष्णवर्णीय स्त्रियांनी मोजली, त्यांना समितीत घेतले गेले नाही. मे १९५९मध्ये ४४ शिक्षकांना काढण्याचा प्रयत्न झाला तेव्हा शहर शेवटी हलले, शाळा मंडळातल्या वेगळेपणाच्या तीन समर्थक सदस्यांना मतदानाने पदावरून काढले गेले, आणि १२ ऑगस्टला दारे उघडली.

डनबर ऑग्डन १९५८मध्येच शहर सोडून वेस्ट व्हर्जिनियाला गेले होते. मुलांबरोबर चालल्यापासून त्यांच्या मंडळीतली माणसे आणि वर्गणी कमी होत गेली होती. एलिझाबेथ एकफर्डला सेंट्रलचे प्रमाणपत्र मिळाले नाही, तिचे शेवटचे वर्ष बंद दारांत गेले.

४ सप्टेंबरच्या त्या सकाळी, ती घरातून निघण्याआधी, तिची आई बर्डी एकफर्ड हिने सगळ्यांना जवळ बोलावून सत्ताविसावे स्तोत्र वाचले होते: परमेश्वर माझा प्रकाश व माझे तारण आहे, मी कोणाची भीती बाळगू? बर्डी अंध आणि मूकबधिर कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळेत कपडे धुण्याचे काम शिकवायची. कॅम्पबेल आणि पेटिग्रू यांच्या २९ मुलाखतींमध्ये तिची मुलाखत नाही. तिने वाचलेल्या स्तोत्राचा अर्थ मुलीने त्या सकाळी जवानांच्या रांगेपासून बसथांब्याच्या बाकापर्यंत चालून लावला.